ताईच्या भिंतीचा गिलावा

गेल्या वर्षी दिवाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात, बोईसरजवळ सालवडच्या कडेला असलेल्या माझ्या बहिणीच्या नव्या घराच्या दर्शनी भिंतीला तिच्या गैरहजेरीत सिमेंटचा गिलावा करण्यात आला. भिंत विटांची होती आणि ती उघडी ठेवण्यासाठीच बांधली होती. गिलावा करून घेणारा आमचा भाऊ होता. घराची वास्तुशांत पुढच्या आठवड्यात ठरली होती.

आम्ही तीन भावंडे. ताई सगळ्यांत मोठी, दादा मधला, मी धाकटा. मी वर्तमानपत्रात नोकरी केली आणि आता पालघरला राहतो. दादाचा औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचा धंदा आहे. शेड, जिने, ग्रिल, गेट. ताई एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होती, तिथूनच निवृत्त झाली. तिचे यजमान नोकरीत असतानाच वारले. तिला एकच मुलगी. ती आर्किटेक्ट आहे आणि पुण्याला नोकरी करते. सालवडच्या घराचा आराखडा या मुलीचा, म्हणजे माझ्या भाचीचा. दुसऱ्या कोणाच्या हाताखाली न राहता तिने केलेले ते पहिले घर.

वडील सांगली जिल्ह्यातून बोईसरला आले ते कारखान्यात बॉयलरवर काम करायला. आम्ही ज्या चाळीत वाढलो तिच्यावर सिमेंटचे पत्रे होते आणि भिंतींना चुना. दिवाळीला चुना लावला की होळीपर्यंत भिंत पिवळी पडायची. हवेला वास असायचा, आणि वासावरून आज वारा कोणत्या बाजूने आहे हे सांगता यायचे. चुना लावायचे काम ताईचे. स्टुलावर उभी राहून ती छतापर्यंत पोचायची. दादा आणि मी खालून बादली द्यायचो. हाताला भेगा पडायच्या, त्यांत खोबरेल तेल भरून ती दुसऱ्या दिवशी शाळेत जायची.

इमारतीकडे पाहावेसे वाटले ते प्रथम अणुवीज केंद्राच्या वसाहतीत. माझा एक वर्गमित्र तिथे राहायचा. घरे साधी, तीन मजली. पण खिडक्यांवरचे छज्जे खोल होते आणि जिन्याला भिंतीऐवजी काँक्रीटची जाळी होती. दुपारी तिच्यातून उजेडाचे चौकोन पायऱ्यांवर पडायचे आणि समुद्राकडचा वारा वर चढायचा. मित्र घरी नसला तरी मी त्या जिन्यात बसायला जात असे. बसू नको, असे कोणी म्हटले नाही.

पुढे बातमीच्या निमित्ताने बऱ्याच इमारतींत जाणे झाले. गेल्या काही वर्षांत बोईसरच्या मुख्य रस्त्याला एक नवी तऱ्हा आली. समोरून निळी काच, तिच्या दोन्ही बाजूंना चकचकीत पत्रा, वर नाव. अशा एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मी भर दुपारी गेलो तेव्हा आत ट्यूबलाइट लागलेली होती. रस्त्यावरून जिथे काच दिसत होती तिथे आतून वीटकामाची बंद भिंत होती. काच भिंतीवर चिकटवलेली होती. मी विचारले तेव्हा तिथल्या माणसाने सांगितले, "एलिव्हेशन आहे ते. उघडायला नाही."

एलिव्हेशन हा शब्द आता आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पालघर-बोईसर रस्त्याला जिल्ह्याचे नवे मुख्यालय उभे राहिले तेव्हा लोक रविवारी मुलाबाळांना घेऊन ते पाहायला जात, पायऱ्यांवर फोटो काढत. तिथेच मी एका गृहस्थाला बायकोला सांगताना ऐकले, "याला म्हणतात एलिव्हेशन." त्यानंतर दोनतीन बंगल्यांना तसेच खांब आले, मोजमाप तेवढे लहान. इकडे ज्याला घर बांधायचे असते तो आधी मोबाइलवर एलिव्हेशन दाखवतो. खोल्या किती, हे नंतर.

दादाच्या घरालाही एलिव्हेशन आहे. निळी काच, लाल आणि चंदेरी पत्रा, गेटच्या खांबांवर दोन सिंह. घर वाईट नाही. पाहुण्याला जागा आहे, आग्रह आहे. पण पुढच्या खोलीत दिवसा दिवा लावावा लागतो. हे मी त्याला एकदा म्हणालो.

"लोक घर बाहेरून बघतात," तो म्हणाला.

"राहतोस आत."

"आत काय, झोपायचंय."

ताईच्या घराचा आराखडा पहिल्यांदा तिच्या भाड्याच्या खोलीत, जेवणाच्या टेबलावर उलगडला गेला. मी होतो. भाचीने आईला विचारले, बाहेरून रंग कोणता हवा. ताई म्हणाली, "कुठलाच नको. आयुष्यभर मी रंगच जुळवले. गिऱ्हाईकाचा तुकडा एका हातात, आमचा तुकडा दुसऱ्या हातात, आणि खिडकीशी उभं राहून सांगायचं, जुळला की नाही. आता कोणाशी जुळवायचं नाही. जे असेल ते दिसू दे."

 भाचीने कागद पालथा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला नव्याने काढायला सुरुवात केली.

जे ठरले ते असे. पश्चिमेकडची दर्शनी भिंत दुहेरी विटांची, मध्ये पोकळी. बाहेरच्या विटांना ना गिलावा, ना रंग. ओट्याच्या पुढे विटांचीच जाळी, म्हणजे एक वीट सोडून एक वीट. वर जाड स्लॅब, तो भिंतीच्या बराच पुढे आलेला, म्हणजे पाऊस विटांवर सरळ येणार नाही. स्लॅबच्या पोटालाही गिलावा नाही. काँक्रीट ओततानाच्या फळ्यांच्या रेघा तशाच राहणार.

विटा मनोरकडच्या एका भट्टीवरून आणल्या. भाचीला खंगर हव्या होत्या, म्हणजे भट्टीत आगीजवळ जास्त भाजून काळ्या-जांभळ्या पडलेल्या, थोड्या वाकलेल्या. भट्टीवाले त्या बाजूला टाकतात, पायाच्या भरावात वापरतात. आम्ही घराच्या तोंडाला लावणार म्हटल्यावर भट्टीचा मालक हसला. त्याने बाजूच्या बाईला हाक मारून सांगितले, "ऐकलंस का, यांना करपलेल्या पायजेत." बाई विटा रचत होती. ती म्हणाली, "भाकरीबी करपलेलीच खातात का?" ताई हसली. "एखादी खाल्ली तर चालते," ती म्हणाली.

गवंडी त्याच बाजूच्या गावातला. शेतीचे काम संपले की बोईसरला येतो. पहिल्या दिवशी त्याने भाचीचे चित्र उलटसुलट करून पाहिले आणि ताईला विचारले, "मंग वरून काय लावायचं नाय?"

"काही नाही."

"ताई, गिलावा म्हंजे गवंड्याचं पांघरूण असतं. तुमी मला उघडा झोपवताय."

त्याने कुरकुर केली, पण काम नीट केले. जिथे सांधा वाकडा गेला तिथे रात्र व्हायच्या आत तो स्वतःच तो फोडून पुन्हा लावत असे. पहिली जाळी झाल्यावर तो रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला आणि बिडी ओढत बराच वेळ पाहत होता. मी विचारले, कसे वाटते. तो म्हणाला, "दिसतंय सगळं. वाकडं बी, सरळ बी."

एप्रिलमध्ये स्लॅबखालच्या फळ्या काढल्यावर मी एका दुपारी त्या ओट्यावर बसलो. बाहेर ऊन होते आणि रस्त्यावरून टँकर चालले होते. जाळीतून येणारा वारा गार नव्हता, पण थांबतही नव्हता. उजेडाचे तुकडे जमिनीवर पडले होते, आणि प्रत्येक तुकड्याला वाकड्या विटेमुळे किंचित वेगळा आकार होता. ताई भिंतीला पाठ टेकून बसली होती. "पाठीला लागतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "बरं वाटतं."

रस्त्यावरच्यांना बरे वाटत नव्हते. जूनपासून ताई त्या घरात राहायला गेली आणि प्रश्न सुरू झाले. दूधवाला विचारायचा, काम कधी संपणार. शेजारच्या खोल्यांत राहणारा कारखान्यातला एक कामगार ओट्याशी थांबून म्हणाला, "भाभी, पैसा कम पड़ा क्या? धीरे धीरे हो जाएगा." रंगाचे ठेकेदार दोन-तीनदा येऊन कार्ड ठेवून गेले. एकाने सुचवले की निदान वारली चित्रे तरी काढून घ्या, म्हणजे मुद्दाम केल्यासारखे वाटेल. ताई सगळ्यांना एकच उत्तर द्यायची: "काम संपलंय."

जुलैत भिंतीची परीक्षा झाली. पश्चिमेचा पाऊस आठवडाभर थांबला नाही. आतल्या भिंतीला एका जागी, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, ओल आली. तळहाताएवढा डाग. भाची पुण्याहून आली, छज्ज्याच्या कडेला खालून एक खाच मारून घेतली, त्यामुळे पाणी भिंतीकडे न वळता खाली टपकू लागले. डाग वाढला नाही. पण तोवर दादाने तो पाहिला होता.

तो डाग हे त्याचे प्रमाण झाले. प्रत्येक जेवणाला तो विषय काढायचा.

"सांगत होतो की नाय, ओल येणार."

"आली, थांबली," ताई म्हणायची.

"पुढल्या वर्षी परत येईल. गिलावा करून घे. माझी माणसं देतो."

"माझं घर आहे."

"तुझंच हाय. मी कुठं माझ्या नावावर करून मागतोय?"

"मग भिंत सोड."

भाचीला तो वेगळ्या सुरात बोलायचा. "तू शिकलीस ते ठीक. पण आईच्या घरावर कशाला प्रयोग? दुसऱ्याचं घर मिळालं असतं की." भाची हसून वेळ मारून न्यायची. मामा लहानपणी तिला खांद्यावर घेऊन जत्रेला न्यायचा. त्याच्याशी वाद घालणे तिला जमत नव्हते.

वास्तुशांत दिवाळीनंतर ठरली. आमच्याकडे बहिणीच्या वास्तुशांतीला भावांनी माहेरचा आहेर न्यायचा असतो. साडी, भांडी, ऐपत असेल तर आणखी काही. तो आहेर विचारून देत नाहीत आणि परतही करत नाहीत. पूजेला दादा आणि वहिनी बसणार होते. यजमान नसलेल्या बाईने पूजेला बसायचे नाही, म्हणून भाऊ-भावजय. हेही न बोलता ठरल्यासारखे होते.

पहिली पत्रिका कुलदैवताला द्यायला ताई आणि भाची गावी गेल्या. त्या चार दिवस नसणार होत्या. घराची किल्ली दादाकडे होती.

पुढचे मी नंतर चौकशी करून जुळवले. क्रम असा होता. ताई निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने टेम्पोतून वाळू आणि सिमेंट आणले. स्वतःच्या शेडवर काम करणारी माणसे आणली. आधी ओट्याची जाळी बुजवली. भोकांत विटांचे तुकडे भरले आणि वरून बारीक तारेची जाळी ठोकली. मग दर्शनी भिंतीला एक थर, दुसऱ्या दिवशी दुसरा. दुपारी आमचा गवंडी मोटारसायकलवरून चालला होता. त्याने गाडी थांबवली.

"शेठ, ताईंना इचारलंय ना?"

"माहेरचा आहेर हाय. विचारून देतात का?"

"नाय, पण पोरीनं काढलेलं चित्र—"

"तू तुझं बघ."

गवंड्याने मला फोन केला नाही. त्याच्याकडे माझा नंबर नव्हता. दादाने मला सांगितले नाही. का सांगितले नाही असे मी नंतर विचारले, तर तो म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू छापलं असतंस."

ताई आणि भाची हायवेवर मनोरला बसमधून उतरल्या. मी त्यांना आणायला गेलो होतो. ताईच्या मांडीवर प्रसादाचा डबा होता. वाटेत ती पाहुण्यांच्या जेवणाबद्दल बोलत होती. घराशी गाडी वळली तेव्हा मी घर ओळखले नाही आणि पुढे गेलो. भाची मागून म्हणाली, "मामा, थांब."

दादा ओट्यासमोर उभा होता. त्याच्या हातात रंगांच्या कंपनीचे छापील पत्रक होते, छोट्या चौकोनी छटांचे.

"या, या. ओळखलं का घर?"

ताई गाडीतून उतरली. डबा तिने माझ्या हातात दिला. "हे कोणी केलं?"

"माहेरानं. आहेर हाय. रंग तेवढा तुझ्यावर सोडलाय. तू रंगातली माणूस. हे घे, निवड."

ताईने पत्रक घेतले नाही. ती ओट्यावर चढली. आत दुपारीच अंधार होता. जाळी होती तिथे ओले करडे सिमेंट होते, आणि त्याच्या वासाने ओटा भरला होता. भाची भिंतीजवळ गेली आणि नखाने गिलावा खरवडून पाहिला. मग ती मागे सरली. मला वाटले ती रडेल, पण ती नुसती म्हणाली, "आई, राहू दे आता. वास्तुशांत होऊन जाऊ दे. मामाने प्रेमाने केलंय."

"प्रेमाने केलंय हे मला दिसतंय," ताई म्हणाली. "नख लावलंस तर काय झालं?"

"सुटलं थोडं. अजून कच्चा आहे."

"म्हणजे निघेल."

"निघेल. विटांना डाग राहतील. जाळी फोडावी लागेल."

"मग फोडू."

दादाने हे सगळे ऐकले. तो म्हणाला, "काय फोडू? काय लावलंय हे?"

"गिलावा काढायचाय."

"ताई, सगळी सोयरी येणार. तुझ्या सासरची येणार. लोक काय म्हणतील ठाऊक हाय? नवरा गेला, पैसे संपले, दोन-दोन भाऊ असून भिंत उघडी. हे तुला ऐकू येत नाय. मला येतं. मी बाजारात बसतो."

"मग त्यांना सांग, बहिणीला असंच हवंय."

"असं कोणाला हवं असतं?"

"मला."

"बाबा असते तर—"

"बाबांनी दर दिवाळीला चुन्याची बादली माझ्याकडे दिली. तू खाली उभा असायचास. तुला खालून पांढरी भिंत दिसायची, चुन्याखाली काय होतं ते मला वरून दिसायचं." ती थांबली. "तुझ्या घराला मी कधी म्हटलं का, ती काच काढ म्हणून?"

"त्यात काढण्यासारखं काय हाय?"

"आत अंधार आहे. पण तुझा आहे. मी काही बोलले नाही. तू माझ्या घरात अंधार आणून ठेवलास आणि वर रंग निवड म्हणतोस."

शेजारच्या खोल्यांतून बायका बाहेर आल्या होत्या. दादाचा आवाज खाली आला. "माहेरचा आहेर परत करणारी बहीण मी अजून पाहिली नाय."

"आता बघ. आहेर अंगावर घ्यायचा असतो. हा तू तोंडाला थापलास."

"ठीक हाय. काढ. पण खरवडलेल्या भिंतीपुढं मी पूजेला बसणार नाय. तुझ्या भावजयीला पण बसवणार नाय. मग कोण बसणार?"

"मी."

 दादा पत्रक ओट्याच्या कडेला ठेवून गाडीकडे गेला.

भाची आईला म्हणाली, "एका भिंतीसाठी?"

ताई म्हणाली, "तू काढलेली भिंत आहे. उद्या तू दुसऱ्याकडे जाशील आणि सांगशील, मी असं घर बांधते. तो विचारेल, दाखव. तेव्हा तू त्याला इथे आणशील आणि काय सांगशील? आत चांगलं होतं, मामाने वरून थापलं?" मग तिने मला सांगितले, "गवंड्याला घेऊन ये."

त्या संध्याकाळी तिने पूजा सांगणाऱ्या गुरुजींना फोन केला. फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळे दोन्ही बाजू ऐकू आल्या.

"गुरुजी, भाऊ बसणार नाही. मी बसणार."

"घर कोणाच्या नावावर?"

"माझ्या."

"मग बसा. अंघोळ करून वेळेवर बसा. मला पुढे दुसरीकडे जायचंय."

गवंडी दुसऱ्या दिवशी सकाळी छिन्नी-हातोडे आणि मजुरीला दोन बायका घेऊन आला. भिंतीला हात लावून तो म्हणाला, "चांगला केलाय गिलावा. आमी बी एवढा केला नसता." मग त्याने पहिला घाव घातला. वरच्या थराचे पापुद्रे सहज निघाले. खालचा थर सांध्यांत शिरला होता. तो निघायला वेळ लागला. विटा खंगर असल्याने फुटल्या नाहीत. गवंडी म्हणाला, साध्या विटा असत्या तर भिंतच गेली असती. जाळीचे तसे झाले नाही. भोकांत भरलेले तुकडे काढताना कडेच्या विटा निखळल्या. खालच्या ओळी सुटल्या, वरचा निम्मा भाग तोडावा लागला. भाचीने मोडलेल्या विटांकडे पाहिले आणि चित्र पुन्हा बाहेर काढले.

ताई स्वतः छिन्नी घेऊन बसली ती खिडकीखालच्या भागाला. तिला कोणी उठवले नाही. सिमेंटची पूड तिच्या केसांत आणि चष्म्यावर साचत होती. शेजारची बाई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "बाय, आता झालं होतं ना सगळं चांगलं?"

"झालं होतं," ताई म्हणाली, "त्याच्या आधी."

पूजेच्या दिवशी भिंत अर्धी होती. खालचा भाग विटांचा, त्यावर पांढरट डाग. वर गिलाव्याचे मोठे तुकडे अजून चिकटलेले. जाळीच्या जागी भगदाड, त्याला ताडपत्री. भाचीने ताडपत्री पहाटे काढून टाकली. पाहुणे आले. ताईच्या सासरकडच्या एका वयस्क बाईंनी गेटातूनच विचारले, "काम चालूच आहे का गं अजून?"

"हो," ताई म्हणाली. "काढायचं."

ती पाटावर एकटी बसली. तिच्या डाव्या हाताला रिकामी जागा होती, तिथे गुरुजींनी काही ठेवले नाही. दोन बायका कुजबुजल्या, पण उठून गेल्या नाहीत. जाळी नसल्याने उजेड सरळ आत येत होता आणि होमाचा धूर सरळ बाहेर जात होता. होम व्यवस्थित झाला.

वहिनी मुलांना घेऊन आली. तिने साडी आणि पितळी समई आणली होती. ताईने दोन्ही घेतली. "हे गाडीत बसलेत," वहिनी म्हणाली. गाडी रस्त्याच्या पलीकडे उभी होती, काचा वर. भाचीने ताट वाढले, ते घेऊन रस्ता ओलांडला आणि काचेवर टकटक केले. काच खाली झाली. ती काहीतरी बोलली. काय, ते मी विचारले नाही. काही वेळाने ताट रिकामे परत आले.

पुढच्या काही आठवड्यांत गवंड्याने उरलेला गिलावा काढला. जाळीला मात्र थांबावे लागले. भाचीला त्याच भट्टीच्या खंगर विटा हव्या होत्या, आणि भट्टी पावसानंतर नुकतीच लागत होती. त्या होळीच्या सुमारास मिळाल्या. मालकाने या वेळी त्या निवडून वेगळ्या ठेवल्या होत्या आणि भाव वाढवला होता. जाळी पावसाआधी पूर्ण झाली. जुन्या आणि नव्या विटांचा रंग एक नाही. जुन्यांवर सिमेंटचे डाग आहेत, ब्रशने आणि पाण्याने जेवढे निघाले तेवढे काढले. ताई म्हणाली, बाकीचे राहू द्या.

तरीही रंगाचा एक ठेकेदार पुन्हा आला. काळ्या विटा आणि डाग पाहून त्याला वाटले, घरात आग लागली होती. ताईने त्याला चहा दिला आणि भिंतीला पाठ टेकून बसायला सांगितले. तो बसला, चहा प्यायला आणि कार्ड न ठेवता गेला.

या पावसाळ्यात दर्शनी भिंतीच्या आतल्या बाजूला नवी ओल आली नाही. खिडकीच्या कोपऱ्यातला जुना डाग तसाच आहे, तेवढाच. पुण्यातल्या एका दांपत्याने भाचीला घराचे काम दिले आहे. ते दोघे दसऱ्याच्या सुट्टीत येऊन ओट्यावर दोन तास बसून गेले. त्यांनी डागांबद्दल विचारले. भाचीने त्यांना सगळे सांगितले.

भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जायचे असते. दादा आला नाही. मी ताईकडे होतो. ओवाळून झाल्यावर तिने तेच तबक फडक्याखाली झाकले, मला गाडी काढायला सांगितली आणि आम्ही त्याच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत दिवा लागलेला होता. तिने त्याला ओवाळले. त्याने तबकात साडी ठेवली. दोघे जेवायला शेजारी बसले आणि त्याने तिला दोनदा आग्रह केला. भिंतीचा विषय निघाला नाही.

गेल्या रविवारी वहिनी आणि मुले ताईकडे दिवसभर राहायला आली. दादाने त्यांना गेटाशी सोडले आणि गाडी वळवून तो परत गेला.